बाप्तिस्मा : पाणी व वचन



आजच्या सभेत बाप्तिस्म्याविषयी चार शब्द बोलावे असे आम्ही योजिले आहे. आपल्या कित्येक गावांत ख्रिस्ती कुटुंबे शेजारी नांदतात. तरी बाप्तिस्मा म्हणजे डोक्यावर पाणी पडले की मनुष्य बाटला, एवढेच पुष्कळांस ठाऊक असते. ही समजूत उथळ आहे.

मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ बुडविणे असा आहे. योहान हा यार्देन नदीत लोकांस उतरवीत असे. परंतु नुसत्या स्नानावर तो भागवीत नसे. जकातदारांनी ठरल्याहून अधिक घेऊ नये, शिपायांनी कोणास नाडू नये, असे तो त्यांस स्पष्ट बजावी. पुढे ख्रिस्ती मंडळीने असा अर्थ लाविला की, पाण्याखाली जाणे म्हणजे जुन्या वर्तनास मूठमाती देणे व वर येणे म्हणजे नवा जन्म पत्करणे.

मग तान्ह्या मुलाने हे वचन द्यावे कसे? बहुतेक ख्रिस्ती पंथ बाळांसही बाप्तिस्मा देतात. आईबाप त्याच्यातर्फे वचन देतात व ते जाणते झाल्यावर स्वमुखाने ते दृढ करते. परंतु १५२५ साली स्वित्झर्लंडातील झुरिक शहरी काही लोकांस हे पटेना. तेथे बाळाचा बाप्तिस्मा सरकारी हुकमाने होई. २१ जानेवारी रोजी कोनराड ग्रेबेल, फेलिक्स मान्झ वगैरे मंडळी एका घरी जमली व त्यांनी जाणत्या वयात, आपल्या समजुतीने, पुन्हा बाप्तिस्मा घेतला. थोड्याच दिवसांत जवळच्या झोलिकोन गावच्या शेतकऱ्यांनीही तोच मार्ग धरला.

नगरसभा खवळली. असा बाप्तिस्मा देणारास बुडवून मारावे, असे फर्मान १५२६ साली निघाले आणि ५ जानेवारी १५२७ रोजी मान्झ यास लिम्माट नदीत बुडविण्यात आले. ज्या पाण्याच्या साक्षीने त्याने वचन दिले, त्या पाण्यानेच त्याचा प्राण घेतला.

याच पंथाचा डर्क विलेम्स नावाचा मनुष्य हॉलंडातील आस्पेरेन गावी राहत असे. त्याने मोठेपणी बाप्तिस्मा घेतला व आपल्या घरी इतरांसही घेऊ दिला, म्हणून त्यास कैद झाली. तो निसटला व गोठलेल्या पाण्यावरून पळाला. पाठलाग करणारा मात्र बर्फ फुटून आत पडला. डर्क मागे फिरला व त्याने त्या वैऱ्यास वर ओढून वाचविले. तेथेच तो पुन्हा धरला गेला आणि १६ मे १५६९ रोजी जिवंत जाळला गेला. वैऱ्यावर प्रीती करावी ही ख्रिस्ताची आज्ञा त्याने बाप्तिस्मा घेताना पत्करली होती. ती बर्फावर पाळली.

आम्ही हे कोणी धर्म बदलावा म्हणून सांगत नाही. जोतीराव फुले मिशनच्या शाळेत शिकले, तरी त्यांनी बाप्तिस्मा घेतला नाही. त्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापिला व भटाविना लग्ने लाविली. त्यांत वधूवरांनी आपल्या समजत्या भाषेत एकमेकांस वचन द्यावे, अशी रीत घातली. दलालाच्या तोंडून न समजणारे मंत्र म्हणविण्यापेक्षा स्वतःच्या तोंडचा एक शब्द मोलाचा, हे तत्त्व झोलिकोनच्या शेतकऱ्यांस व आपल्या वडीलधाऱ्यांस सारखेच पटले होते.

आपणही बेलभंडार उचलतो, गळ्यात माळ घालतो. परंतु बेलभंडार उचलून भावाचा बांध कोरला, माळ घालून माप खोटे केले, तर त्या पानांचा व त्या मण्यांचा उपयोग काय? पाणी वाळते, हळद धुऊन जाते. दिलेला शब्द तेवढा मागे राहतो. म्हणून विधी कोणताही असो, त्याचा अर्थ आधी विचारा, समजून वचन द्या, आणि दिलेत की नुकसान सोसूनही पाळा.

सत्याचा जय असो.