तरवा उपटण्याआधी

रेडिओवर दहा मिनिटं मिळाली आहेत आणि विषय असा की बोलायला बसलो तर रात्र पुरणार नाही. तेव्हा प्रास्ताविक राहू दे.

"व्हिजिटवर ये, इकडे आलास की व्हिसा बदलून देतो." हे वाक्य न ऐकलेलं घर रत्नागिरी, चिपळूण, खेड, दापोलीपासून थेट श्रीवर्धन-म्हसळ्यापर्यंत शोधावं लागेल. कधी ते सख्खा मामा बोलतो, कधी एजंट, कधी मोबाइलवर आलेला कुणाचा तरी आवाज. वाक्य साफ खोटं असतं तर मी आज इथे आलोच नसतो. ते अर्धं खरं आहे, म्हणून माणसं फसतात.

खरा अर्धा भाग आधी सांगतो. संयुक्त अरब अमिरातीत, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या दुबईत (आपल्याला शारजा काय, अजमान काय, सगळी दुबईच), व्हिजिट व्हिसावर गेलेल्या माणसाला देशाबाहेर न पडता कामाच्या व्हिसावर येता येतं. त्याला तिकडे 'स्टेटस चेंज' म्हणतात. फी भरायची, रीतसर होतं. मी स्वतः एका कंपनीत मंदूबाच्या, म्हणजे कंपनीची सरकारी कामं करणाऱ्या माणसाच्या, हाताखाली बावीस वर्षं हेच कागद टायपिंग सेंटरात नेत-आणत होतो. पूर्वी ही सोय सरसकट नव्हती. व्हिसा बदलायचा तर माणसाला विमानात घालून इराणच्या किश बेटावर पाठवत, नाहीतर ओमानच्या हद्दीत बुरैमीला. नवा व्हिसा हातात येईपर्यंत तिथेच मुक्काम. 2004 च्या 10 फेब्रुवारीला किशहून शारजाला येणारं विमान उतरता उतरता कोसळलं. 46 पैकी 43 माणसं गेली. त्यातले पुष्कळजण असेच व्हिसासाठी जाऊन परतणारे होते. आता ती वारी बहुतेकांची चुकली आहे. चांगलं झालं.

पण 'बदलता येतो' आणि 'बदलून मिळणार' यांत अंतर आहे, आणि ते आमच्या पोरांना दिसत नाही. अर्ज तुम्ही करत नाही. कंपनी करते. तुम्ही कितीही हुशार असा, तिथल्या खिडकीपाशी उभं राहून 'मला कामाचा व्हिसा द्या' असं तुम्हाला म्हणता येत नाही. मालकाच्या नावावर कोटा हवा, लायसन चालू हवं, आधीचे दंड थकलेले नकोत. ते सगळं त्याच्याकडे आहे की नाही हे तुम्हाला विमानतळावर कळत नाही. पुन्हा सांगतो, अर्ज कंपनी करते.

आता आपल्याकडची गोष्ट घ्या. आपण भात लावणारी माणसं. रोहिणीत, मृगात पेरलेला तरवा तीन आठवड्यांनी लावणीला येतो. पण तो उपटायचा कधी? खाचरात पाणी आलं, चिखलणी झाली, मग. रोपं सुरेख वाढली म्हणून आधीच उपटून मुठी बांधावर टाकल्या आणि पावसानं ओढ दिली, तर काय होतं हे माझ्या आईनं मला काठी घेऊन शिकवलं आहे. मूठ एक दिवस तग धरते, ओलं गोणपाट टाकलं तर दोन दिवस. मग शेंडे पिवळे. धड तरव्यात नाही, धड खाचरात नाही. व्हिजिटवर गेलेलं पोर म्हणजे बांधावरची मूठ. त्याचे दिवस मोजलेले असतात, 30 नाहीतर 60. पुढे रोज 50 दिरहॅम दंड. एक महिना जास्त राहिलात तर दीड हजार दिरहॅम, आजच्या भावानं तीस हजार रुपयांच्या वर. आणि मालक म्हणतो, 'बुकरा.' बुकरा म्हणजे उद्या. अरबी भाषेतला इतका लांब दिवस मी दुसरा पाहिला नाही.

चिखलणी म्हणजे ऑफर लेटर. तिथल्या कामगार मंत्रालयाच्या नमुन्यातलं, नंबर असलेलं, पगार आणि काम लिहिलेलं. कंपनीच्या लेटरहेडवर कुणीही छापलेलं पत्र म्हणजे ऑफर लेटर नव्हे. ते सही करून गेलं की कामाचं परमिट, मग स्टेटस चेंज, मग मेडिकल, मग एमिरेट्स आयडीचे ठसे आणि शेवटी रेसिडेन्सी. मेडिकल कितव्या नंबरावर आली बघा. परमिटनंतर. म्हणजे सगळं जमलं, मिठाई वाटून झाली, आणि छातीच्या एक्स-रेत क्षय निघाला तर परतीची वाट. म्हणून निघण्याआधी इथेच एक एक्स-रे आणि रक्ततपासणी करून घ्या. मेडिकलच्या दिवशी रडणारे तरणे पोरगे मी मोजायचं सोडून दिलं होतं.

फ्री झोनचं थोडं वेगळं असतं, त्यात आज शिरत नाही. आणि हे सगळं अमिरातीपुरतं बोलतो आहे. सौदी, कुवेत, ओमान यांचे नियम निराळे. एकीकडचा अनुभव दुसरीकडे लावू नका.

आता कामाचं. कागद बदलायला लागणाऱ्या त्या दिवसांत मालक म्हणतो, 'रिकामा बसून काय करतोस, ये दुकानात.' आमच्या वाडीतला एक मुलगा असाच एका कॅफेटेरियात उभा राहिला. 47 दिवस पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत. चहा, पराठा, डिलिव्हरी. परमिट आलंच नाही. मालकानं नंतर ओळख दिली नाही. तक्रार करायची तर दाखवायचं काय? कागदावर तो पर्यटक होता. बुर्ज खलिफा बघायला आलेला पर्यटक! त्यानं तो लांबून सुद्धा धड पाहिला नव्हता. घरच्यांनी दागिना मोडून दंड आणि तिकिटाचे पैसे पाठवले.

मुलांनो, जरा रागानं बोलतो, कारण आई-बाप ऐकत असतील. परमिटशिवाय माणूस कामाला लावणाऱ्या मालकाला तिथे मोठा दंड आहे. 2024 मध्ये कायदा कडक झाला, आता एक लाखापासून दहा लाख दिरहॅमपर्यंत. म्हणजे धाड पडली तर मालक पहिली गोष्ट कुठली करेल? 'हा माझा माणूसच नाही' म्हणेल. तुम्ही मागच्या दारानं पळाल, नाहीतर तुमची रवानगी होईल. त्या वर्षी 1 सप्टेंबरपासून डिसेंबरअखेरपर्यंत सरकारनं मुदत संपलेल्यांना दंड माफ करून कागद सरळ करायची किंवा घरी जायची संधी दिली. म्हणून आमचे काही शहाणे म्हणतात, 'पुन्हा माफी येईलच.' पाऊस पुन्हा येईलच म्हणून कुणी मुठी बांधावर टाकून बसतं का?

एजंटाचं राहिलं. भरतीचा खर्च कामगाराकडून घ्यायचा नाही, तो मालकानं सोसायचा, असं अमिरातीच्या कामगार कायद्यात लिहिलेलं आहे. आपल्याकडे नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त 30 हजार रुपये आणि वर जीएसटी घेता येतो. पावती द्यावी लागते. एजंट नोंदलेला आहे की नाही हे आपल्या सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर दोन मिनिटांत दिसतं. मोबाइलवर इतकं काय काय बघता, हे बघा. व्हिजिटवर पाठवणारे बहुतेक त्या यादीत सापडत नाहीत, आणि लाख-दीड लाख सहज मागतात.

आणि दहावी न झालेल्यांचा ईसीआर पासपोर्ट असतो, त्यांच्यासाठी ही पळवाट जास्त महागात पडते. कामाला जाताना त्यांना प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सची मंजुरी लागते. कटकट वाटते, मान्य. पण त्या कटकटीत करार तपासला जातो आणि प्रवासी भारतीय बीमा योजनेचा 10 लाखांचा विमा उतरतो. हप्ता किती? दोन वर्षांचे 275 रुपये, तीन वर्षांचे 375, कर वेगळा. फिरायला जाणाऱ्याला ती मंजुरी लागत नाही, म्हणून एजंट व्हिजिटच पुढे करतो. मग मुलगा बांधकामावरून पडला तर विमा नाही, करार नाही, आणि सरकारदरबारी तो...

काचेपलीकडून दोन बोटं दाखवतायत. दोन मिनिटं.

विमानतळाबद्दल सांगायचं होतं. 2024 पासून व्हिजिटवाल्यांना परतीचं तिकीट, राहण्याचा पत्ता आणि 3 हजार दिरहॅमइतके पैसे दाखवा म्हणून अडवायला लागले आहेत. काहीजण परतीचं तिकीट नुसतं दाखवण्यापुरतं काढतात आणि... ते असो, पुन्हा कधी बोलावलंत तर.

मूळ मुद्दा परत एकदा, कारण मधेच रेडिओ लावणारे असतात. अर्ज कंपनी करते. जायचंच असेल तर परमिट इथे हातात घेऊन कामाच्याच व्हिसावर जा. नात्यातल्या कुणाकडे खरोखर फिरायला गेलात आणि तिथे नोकरी जुळली, तर स्टेटस चेंज जरूर करा, त्यात वावगं काही नाही. पण स्टेटस बदलेपर्यंत कामाला हात लावू नका, पासपोर्ट कुणाच्या कपाटात ठेवू नका. तो ठेवून घ्यायचा मालकाला अधिकार नाही. आणि मुदत संपायला दहा दिवस उरले, कागद हलला नाही, तर घरी या. लाज कसली? लोक काय म्हणतील याची काळजी करू नका, ते तुम्ही परमिटवर गेलात तरी काहीतरी म्हणतीलच.

दुबईत अडचण आली तर प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा फुकटचा नंबर आहे, तिथूनच लागतो. पेन्सिल घ्या. 800 46342. परत सांगतो, 800 46342. आणि निघताना पासपोर्टची, व्हिसाची आणि त्या ऑफर लेटरची झेरॉक्स आईकडे देऊन जा.