ॲक्युपंक्चर : सुई काय करते आणि मन काय करते?



आपल्या वस्तीत गुडघेदुखी किंवा कंबरदुखी नाही असे घर शोधावे लागेल. गोळ्या खाऊन पोट बिघडले की माणसे कोणीतरी सांगितले म्हणून सुया टोचून घ्यायला जातात. परत आल्यावर कोणी म्हणतो गुण आला, कोणी म्हणतो पैसे पाण्यात गेले. दोघेही खरेच बोलत असतात. म्हणूनच सुईने शरीरात काय घडते व त्यात मनाचा वाटा किती, हे समजून घेणे आवश्यक आहे.

ही विद्या चीनची. आपल्याकडे ती आली तिचा धागा महाराष्ट्रालाही लागतो. १९३८ साली जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला भारतातून पाच डॉक्टरांचे पथक गेले. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू होते. कोटणीस १९४२ साली तिकडेच वारले. बसू मायदेशी परतले, पुढे १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन त्यांनी ॲक्युपंक्चर शिकून घेतले आणि कलकत्त्यात त्याचा प्रसार केला. असो.

पाश्चात्त्य जगात गाजावाजा झाला तो १९७१ साली. जेम्स रेस्टन हे न्यूयॉर्क टाइम्सचे पत्रकार पेकिंगमध्ये असताना त्यांना अपेंडिक्सचा त्रास झाला. शस्त्रक्रिया झाल्यावर पोटात वायू धरून वेदना होऊ लागल्या, तेव्हा डॉक्टरांनी कोपरात व गुडघ्याखाली सुया टोचल्या आणि तासाभरात त्यांना आराम पडला. हे त्यांनी स्वतःच लिहिले. पुढे मात्र गोष्टीला पाय फुटले. सुईच्या भुलीवरच त्यांचे पोट फाडले, असे आजही सांगितले जाते. ते खोटे आहे. शस्त्रक्रिया नेहमीच्या भुलीच्या इंजेक्शनवर झाली होती. चमत्काराची बातमी मूळ माणसाच्या शब्दांत वाचावी, ती बहुधा निम्मी होते.

खरे संशोधन पेकिंगच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. हान जिशेंग यांनी १९६५ पासून चालविले होते. त्यांनी निरोगी माणसे घेतली. त्वचेवर किती विद्युतप्रवाह दिला म्हणजे दुखते हे मोजले आणि अंगठा व तर्जनी यांच्या मधल्या ‘होकू’ बिंदूत सुई टोचून पुन्हा पुन्हा मोजले. वेदना सोसण्याची मर्यादा एकदम वाढली नाही, अर्ध्या तासात हळूहळू वाढली. सुई काढल्यावरही ती हळूहळूच उतरली, दर सोळा मिनिटांस निम्मी. केवळ मज्जातंतूचा झटका असता तर परिणाम तत्काळ आला असता व तत्काळ गेला असता. तेव्हा शरीरात काही द्रव्य तयार होत असावे, असा तर्क त्यांनी केला. तो तपासण्यासाठी सुईचा उपचार केलेल्या सशाच्या मेंदूतील द्रव काढून सुई न टोचलेल्या सशाच्या मेंदूत सोडला. त्या दुसऱ्या सशालाही वेदना कमी जाणवू लागल्या! शिवाय सुईच्या जागी आधी भुलीचे औषध दिले तर परिणाम होत नाही, हेही चीनमध्ये दिसून आले. याचा अर्थ निरोप मज्जातंतूंमार्गे जातो.

ते द्रव्य कोणते, याचे उत्तर १९७५ साली सापडले. स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे ह्यूजेस व कोस्टरलिट्झ यांनी मेंदूतच तयार होणारी अफूसारखी द्रव्ये शोधली. एंडॉर्फिन हे नाव आपण ऐकले असेल, ते याच कुळातले. अफूचा अंमल उतरविणारे नॅलोक्सोन नावाचे औषध आहे. ते दिल्यावर सुईने मिळालेला आरामही कमी होतो, असे त्यानंतरच्या दोन वर्षांत अमेरिका व कॅनडातील प्रयोगांत आढळले. २०१० साली उंदरांवरील प्रयोगात असेही दिसले की, सुई फिरवल्यावर त्या जागीच ॲडिनोसिन नावाचे वेदनाशामक द्रव्य वाढते.

इथपर्यंत ऐकून कोणालाही वाटेल की झाले, सिद्ध झाले. विद्यार्थी मित्रांनी मात्र येथे थांबू नये. शरीरात द्रव्य वाढणे वेगळे आणि रोग्याला चिनी ग्रंथांतील बिंदूंमुळे गुण येणे वेगळे. ‘ची’ नावाची प्राणशक्ती ज्या नाड्यांतून वाहते असे ते ग्रंथ सांगतात, त्या नाड्या शवविच्छेदनात सापडत नाहीत.

मग परीक्षा कशी घ्यायची? खोटी सुई लावून. जर्मनीत कंबरदुखीच्या १,१६२ जुन्या रोग्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट केले. एका गटाला ग्रंथोक्त बिंदूंवर सुया, दुसऱ्याला भलत्याच जागी वरवर सुया आणि तिसऱ्याला औषधे, व्यायाम इत्यादी नेहमीचा उपचार. २००७ साली निकाल प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी पहिल्या गटात ४७.६ टक्के, दुसऱ्यात ४४.२ टक्के आणि तिसऱ्यात २७.४ टक्के रोग्यांना गुण आला. हे आकडे वहीत उतरवून घ्यावेत. सुई नेहमीच्या उपचारापेक्षा सरस ठरली, पण खऱ्या व खोट्या सुईत जवळजवळ फरकच नाही! पुढे वीस हजारांवर रोग्यांची माहिती एकत्र करून तपासली तेव्हा खरी सुई थोडी सरस निघाली, पण थोडीच.

मनाचा वाटा सांगणारा, अमेरिकेत झालेला प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. आतड्याच्या जुनाट तक्रारीच्या २६२ रोग्यांपैकी सुरुवातीला कोणालाच खरी सुई टोचली नाही. नुसते वाट पाहत ठेवलेल्यांपैकी २८ टक्क्यांना, मुकाट्याने खोटी सुई लावलेल्यांपैकी ४४ टक्क्यांना आणि आस्थेने विचारपूस करून तीच खोटी सुई लावलेल्यांपैकी ६२ टक्क्यांना पुरेसा आराम वाटला. सरकारी दवाखान्यात मान वर न करता चिठ्ठी खरडून देणाऱ्यांना हे आकडे दाखवावेसे वाटतात. ‘म्हणजे सगळा मनाचाच खेळ’ असे म्हणून हसण्याचे कारण नाही. दाढ काढलेल्या रोग्यांना नुसत्या पाण्यासारख्या इंजेक्शनने जो आराम वाटतो, तोही नॅलोक्सोनने नाहीसा होतो, असे १९७८ साली दिसले आहे. विश्वासालाही शरीरात रसायन लागते.

आता घरातली गोष्ट. जुनी कंबरदुखी, गुडघेदुखी, डोकेदुखी, शस्त्रक्रियेनंतरची मळमळ, एवढ्यापुरता हा उपचार करून पाहण्यास हरकत नाही. पाच-सहा बैठकांत फरक पडला नाही तर पैसे वाचवावेत. परंतु मधुमेह, क्षय, कर्करोग सुईने बरा करतो व चालू औषधे बंद करा, असे जो सांगेल त्याच्याकडून उठून यावे. इन्शुलिन बंद केलेल्या रोग्याला एंडॉर्फिन वाचवीत नाही. महाराष्ट्रात या पद्धतीसाठी आता स्वतंत्र कायदा आहे, तेव्हा नोंदणी विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. विचारताना संकोच करू नये. सुई प्रत्येक वेळी नवी, पाकीट आपल्यासमोर फोडलेली हवी, कारण वापरलेल्या सुईतून कावीळ पसरते. छातीवर खोल सुई गेल्यास फुप्फुसाला छिद्र पडू शकते. असे क्वचित घडते, पण घडलेले आहे. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील किंवा बाई गरोदर असेल, तर ते सुई टोचण्यापूर्वीच सांगावे.