पितळेचं पातेलं आणि एक गायब झालेला आजार

विरार फास्टच्या दारात लटकत ऐकत असाल, तर आधी जरा आत सरका. एपिसोड कुठे पळून जात नाहीये.

आज पोटाच्या विकारांवर संशोधन करणाऱ्या माणसांबद्दल बोलायचंय. हा विषय निघाला की डोळ्यांसमोर मोठं हॉस्पिटल येतं, एंडोस्कोपीची मशीन येते, भलंमोठं बिल येतं. मी मात्र तुम्हाला पुण्याला घेऊन जाणार आहे, रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलमध्ये. आपल्या परळचं केईएम वेगळं, हे पुण्याचं. १९१२ साली सुरू झालेलं. तिथल्या बालरोगतज्ज्ञांनी १९८०च्या दशकात लहान मुलांच्या लिव्हरच्या एका जीवघेण्या आजारावर काम केलं. तो आजार आज इतका दुर्मीळ झालाय की आपल्या वयाच्या बहुतेकांनी त्याचं नावसुद्धा ऐकलेलं नाही.

नाव होतं इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस. सिऱ्होसिस म्हटलं की आपल्याला दारू आठवते. पण इथे पेशंट कोण? एक-दीड वर्षाचं, फार तर तीन-चार वर्षांचं बाळ. आधी नुसती चिरचिर, भूक कमी, पोट जरा फुगल्यासारखं. आईला वाटायचं दात येत असतील, जंत झाले असतील. डॉक्टरांनी पोटाला हात लावला की यकृत वाढलेलं आणि दगडासारखं कडक लागायचं. मग कावीळ, पोटात पाणी. निदान होईपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असायचा आणि बरीच मुलं काही महिन्यांत जायची.

या आजाराची नोंद जुनी आहे, १८८७ सालची, कोलकात्यातली. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षं डॉक्टरांना तो दिसत होता, पण कारण सापडत नव्हतं.

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला हे एखाद्या जुन्या बगसारखं दिसतं. शंभर वर्षं बग ओपन आहे, लॉग भरपूर आहेत, पण रूट कॉज कुणालाच सापडत नाही. पहिला संशय कुणावर जाईल? आनुवंशिकतेवर. कारण एकाच घरात पहिलं मूल गेलं, मग दुसरंही गेलं, असं व्हायचं. घरात पुन्हा पुन्हा होतंय म्हटल्यावर रक्तातच काहीतरी असणार, असं वाटणं साहजिक आहे.

पण एका घरातल्या मुलांमध्ये रक्ताशिवाय आणखी काय कॉमन असतं? स्वयंपाकघर. तीच चूल आणि तेच दुधाचं पातेलं.

१९७०च्या दशकाच्या शेवटी पॅथॉलॉजीवाल्यांकडून एक मोठा धागा मिळाला. या मुलांच्या लिव्हरचे तुकडे खास रंग वापरून मायक्रोस्कोपखाली पाहिले, तर पेशींमध्ये तांबं भरलेलं दिसलं. निरोगी मुलाच्या लिव्हरमध्ये, वाळवलेल्या दर ग्रॅममागे, साधारण ५० मायक्रोग्रॅमच्या आत तांबं असतं. या मुलांमध्ये ते कितीतरी पटींनी जास्त, कित्येकदा हजाराच्याही पुढे.

आता गंमत बघा. शरीर जादाचं तांबं पित्तावाटे बाहेर टाकतं. लिव्हर बिघडून पित्ताचा रस्ता तुंबला तरी तांबं साठतंच. मग हे तांबं आजाराचं कारण की आजाराचा परिणाम? आमच्या भाषेत कोरिलेशन आणि कॉझेशनचा प्रश्न. मायक्रोस्कोपमधून याचं उत्तर मिळणार नव्हतं. त्यासाठी घरात काय चालतं ते विचारावं लागणार होतं.

इथे पुण्याची टीम येते. डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि त्यांच्यासोबत इंग्लंडमधले बालरोगतज्ज्ञ डॉ. स्टुअर्ट टॅनर. त्यांनी विचारलेले प्रश्न ऐकायला अगदी साधे आहेत. बाळाला वरचं दूध कधी सुरू केलं? गाईचं की म्हशीचं? कशात तापवता? तापवल्यावर कशात ठेवता?

उत्तरांत पुन्हा पुन्हा तांब्या-पितळेची भांडी यायला लागली. १९८३ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा पेपर आला. मांडणी अशी की लहान वयातच तांबं मिसळलेलं जनावराचं दूध पोटात जाणं, हे या आजाराचं कारण असू शकतं. 'असू शकतं' हा शब्द त्यांनी जपून वापरला होता. एका पेपरवर थांबले नाहीत. १९८७ साली त्यांनी आजारी मुलं आणि त्यांच्या जोडीची निरोगी मुलं यांच्या दुधाच्या सवयींची तुलना छापली. म्हणजे कंट्रोल ग्रुप घेऊन. तिथेही धागा तोच निघाला. आजारी मुलांना वरचं दूध लवकर सुरू झालेलं होतं आणि ते तांब्या-पितळेच्या भांड्यातलं होतं.

आता हे घडतं कसं, ते समजून घेऊ.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आपल्या आज्ज्यांच्या घरी पितळी भांड्यांना कल्हई करायचे. कल्हईवाला गल्लीत यायचा, भाता लावायचा, भांडं तापवून नवसागर टाकायचा आणि कथिल फिरवायचा. आतून भांडं चकाचक पांढरं. तो कथिलाचा थर म्हणजे अन्न आणि पितळ यांच्यामधली भिंत. आंबट पदार्थ कल्हई नसलेल्या भांड्यात कळकतात, हे घराघरात माहीत होतं. पण दूध कुठे आंबट असतं? त्यामुळे दुधाच्या भांड्याला कल्हई नसली, किंवा असून उडालेली असली, तरी चालून जायचं.

पण दुधात केसीन नावाचं प्रोटीन असतं आणि ते तांबं पकडून ठेवतं. पितळी भांड्यात दूध तापवून ठेवलं की ते तांबं ओढून घेतं, हे १९८९ साली प्रयोगशाळेत मोजून दाखवलं गेलं. दुधाचा रंग बदलत नाही, त्यामुळे बघून काहीच कळत नाही.

दुसरी गोष्ट बाळाच्या बाजूची. जन्मतःच बाळाच्या लिव्हरमध्ये मोठ्या माणसापेक्षा जास्त तांबं साठवलेलं असतं आणि ते पित्तावाटे बाहेर टाकायची यंत्रणा अजून तयार होत असते. आईच्या दुधात तांबं अगदी कमी, त्यामुळे अंगावर पिणाऱ्या बाळाचं गणित जुळतं. वरचं दूध मात्र दिवसातून अनेक वेळा, तेही महिनोन्महिने, तेच बाळाचं मुख्य अन्न. मोठ्या माणसाने त्याच पातेल्यातला चहा प्यायला तर त्याला काही होत नाही. म्हणूनच कुणाला संशय आला नसणार. सगळं घर तेच दूध पितं आणि आजारी पडतं फक्त सगळ्यात लहान बाळ.

उपचारही शोधले गेले. पेनिसिलामीन नावाचं औषध आहे, ते शरीरातलं तांबं बांधून लघवीवाटे बाहेर काढतं. विल्सन्स डिसीज या आनुवंशिक आजारात ते आधीपासून वापरात होतं. पुण्याच्या टीमने ते या मुलांवर वापरून पाहिलं. लवकर आलेल्या मुलांना त्याचा फायदा झाला, फार पुढे गेलेल्यांना फारसा नाही. पण जी वाचली, त्यांच्यातल्या काहींच्या लिव्हरची रचना पुढे चांगली सुधारलेली दिसली.

तरी खरं काम औषधाच्या आधीचं होतं. बाळाचं दूध तांब्या-पितळेच्या भांड्यात तापवू नका, ठेवू नका. शक्य तितके दिवस अंगावर पाजा. बस, एवढाच सल्ला. ज्या घरात एक मूल गेलंय तिथल्या पुढच्या बाळासाठी तर हे एक वाक्य म्हणजे सगळंच होतं.

मला या कामात सगळ्यात अवघड वाटतो तो हा सल्ला देण्याचा क्षण. समोर बाळ गमावलेली आई बसलीय. तिला सांगायचंय की आजाराचा संबंध तुमच्या घरातल्या पातेल्याशी असू शकतो. ते पातेलं कदाचित तिच्या माहेरून आलेलं, नाव घालून दिलेलं. 'तुमच्यामुळे झालं' असं तिला वाटू न देता हे सांगायचं आणि पुढचं बाळ वाचवायचं. ही स्किल कुठल्याही पेपरच्या आकडेवारीत दिसत नाही. पण ती नसती तर सल्ला घरापर्यंत पोचलाच नसता.

आणि हो, श्रेय फक्त डॉक्टरांचं नाही. त्याच काळात स्टीलची भांडी घराघरात शिरत होती. जुन्या साड्या घेऊन स्टीलचं पातेलं देणारी बोहारीण आठवते का? आपल्यातल्या बऱ्याच जणांनी तिला आईशी घासाघीस करताना पाहिलं असेल. आजार कमी होण्यात या स्टीलचाही वाटा असावा, असं मानलं जातं.

आता तुम्ही म्हणाल, हे फक्त भारतातच कसं? तसं नाहीये. ऑस्ट्रियात टायरोल नावाचा डोंगराळ भाग आहे. तिथे १९०० ते १९७४ या काळात अशाच आजाराची १३८ मुलं नोंदली गेली. तिथेही बाळाचं दूध तांब्याच्या भांड्यात उकळायचे. भांडी बदलली आणि आजार संपला. तिथल्या अभ्यासकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. तिथे आनुवंशिकतेचाही भाग होता. म्हणजे काही मुलांच्या शरीरात आधीच एक कच्चा दुवा होता आणि भांड्याने त्यावर घाव घातला. आपल्याकडेही एकाच प्रकारची भांडी असलेल्या सगळ्याच घरांत मुलं आजारी पडली नाहीत, हे लक्षात घेतलं पाहिजे.

प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगतो. सगळ्या तज्ज्ञांना हे पटलेलं नाही. डॉ. एन. सी. नायक आणि डॉ. ए. आर. चितळे यांनी २०१३ साली 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च'मध्ये लेख लिहून भांड्यांच्या सिद्धान्तावर आक्षेप घेतले. विज्ञानात असंच चालतं. पण एक बघा, दुधाचं भांडं बदलायच्या सल्ल्यात कुणाचंच नुकसान नव्हतं. पुरावा शंभर टक्के व्हायची वाट बघत बसायचं, की बिनधोक उपाय आधी सांगायचा? पुण्याच्या लोकांनी सांगून टाकलं.

आता हे सगळं आज का सांगतोय? कारण तांबं परत आलंय. आमच्या ऑफिसमध्ये दर तिसऱ्या टेबलावर तांब्याची बाटली दिसते. वसई स्टेशनबाहेरच्या दुकानांपासून ऑनलाइन सेलपर्यंत तांब्या-पितळेची भांडी 'पारंपरिक आरोग्य' म्हणून विकली जातात. बारशाला पितळी वाटी-चमचा भेट देण्याची फॅशन आलीय. आणि आज ज्यांच्या घरी बाळ आहे त्या पिढीला हा आजार माहीतच नाही.

म्हणून घाबरायचं नाही, पण चार गोष्टी लक्षात ठेवायच्या. मोठ्या निरोगी माणसाने तांब्याच्या भांड्यातलं साधं पाणी प्यायला सहसा हरकत नाही. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे २ मिलिग्रॅमपर्यंत तांबं चालतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्या बाटलीत लिंबूपाणी, ताक, कोकम सरबत असलं काही आंबट भरायचं नाही. पितळी भांड्यात स्वयंपाक करायचा हौस असेल तर कल्हई शाबूत हवी. आणि बाळाचं दूध, पेज, बाळासाठी उकळलेलं पाणी, हे सगळं स्टीलमध्ये. इथे 'कधीतरी चालतं' नको. शिवाय बाळाचं पोट फुगलेलं राहतंय, डोळे पिवळे दिसतायत, तर घरगुती उपाय न करता सरळ बालरोगतज्ज्ञांकडे जा.

शेवटचं सांगतो आणि थांबतो. आमच्या क्षेत्रात सर्व्हर पडला आणि तुम्ही रात्री जागून उठवला, तर सगळे टाळ्या वाजवतात. तो पडूच दिला नाही, तर कुणाला तुमचं नावही कळत नाही. पुण्यातल्या या माणसांचं काम दुसऱ्या प्रकारचं. त्यांच्यामुळे कुणाची मुलं वाचली याची यादी कधीच करता येणार नाही, कारण ती मुलं आजारीच पडली नाहीत. ती मोठी झाली, नोकरीला लागली. त्यातलं कुणीतरी आत्ता तुमच्या शेजारच्या सीटवर डुलक्या घेत असेल.

हा एपिसोड ज्यांच्या घरी नवीन बाळ आलंय किंवा येणार आहे, त्यांना नक्की पाठवा. आणि आज घरी गेल्यावर आजीला विचारा, तिच्या वेळी दूध कशात तापवायचे? भेटू पुढच्या वेळी. काळजी घ्या!