नवलाईची देवघेव

एखादी चमत्कारिक वस्तू किंवा मासलेवाईक हकीकत नजरेस पडली, की ती एकट्याने पाहून गप्प बसणे माणसाला जमत नाही. दुःख तो एकवेळ मनात ठेवील, पैसा तर आवर्जून लपवील. परंतु दोन शेपटांची पाल दिसली, किंवा एखाद्या दुकानाच्या पाटीवर भलताच मजकूर वाचायला मिळाला, तर शेजाऱ्याला हाक मारून 'अहो, हे पाहिलेत का?' असे विचारल्यावाचून त्याला चैन पडत नाही. या वृत्तीचा उपयोग काय, असे व्यवहारी माणसे विचारतात. उपयोग काही नाही. पण हा एकच सौदा असा आहे की ज्यात देणाऱ्याचे काही कमी होत नाही. उलट घेणाऱ्याच्या मुद्रेवरचे आश्चर्य पाहून देणाऱ्याला ती वस्तू दुसऱ्यांदा सापडल्याचा आनंद होतो.

आपल्याकडे जुन्या घरांतून चिकटवह्या असत. वर्तमानपत्रातले कात्रण, कूटश्लोक, नवलाचे उखाणे, कुठल्याशा जत्रेत भरलेल्या दोन मणांच्या भोपळ्याची बातमी, असा सगळा ऐवज खळीने चिकटवलेला असे आणि पाहुणा आला की वही बाहेर निघे. विलायतेत हाच उद्योग अधिक पद्धतशीरपणे झाला. विल्यम थॉम्स नावाच्या गृहस्थाने ३ नोव्हेंबर १८४९ रोजी लंडनमध्ये 'नोट्स अँड क्वेरीज' नावाचे एक साप्ताहिक काढले. लोकसाहित्याला इंग्रजीत आज रूढ असलेला 'फोकलोअर' हा शब्द याच थॉम्सने १८४६ साली घडवला होता. वाचकांनी आपल्याला सापडलेली विचित्र माहिती पाठवावी, शंका विचाराव्यात, आणि इतर वाचकांनीच त्यांची उत्तरे द्यावीत, एवढाच त्या पत्राचा धंदा. ते पत्र अद्याप बंद पडलेले नाही. आता ते त्रैमासिक झाले असून ऑक्सफर्ड विद्यापीठाचे मुद्रणालय ते चालवते. तेव्हा इंटरनेट आले आणि लोक एकमेकांना गमतीजमती पाठवू लागले, असे जे म्हटले जाते, त्यात तितकेसे तथ्य नाही. गमतीजमती पाठवणारे लोक आधीपासून होतेच. ते इंटरनेट येताच त्यात शिरले, इतकेच.

मात्र शिरल्यावर त्यांनी तेथे जे पहिले नवल उभे केले, ते मोठे बहारीचे होते. ते नवल म्हणजे कॉफीचे एक भांडे.

केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत 'ट्रोजन रूम' नावाची एक खोली होती. तेथे संशोधकांसाठी कॉफी गाळण्याचे एक यंत्र असे. त्यांतील काहींची बसण्याची जागा इमारतीत दूर, निरनिराळ्या मजल्यांवर होती. जिने चढून उतरून यावे आणि भांडे रिकामे सापडावे, ही त्यांची नित्याची हळहळ. १९९१ साली क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर आणि पॉल यार्डेट्स्की या दोघांनी यावर उपाय काढला. एक कॅमेरा त्या भांड्याकडे तोंड करून बसवला आणि त्याचे चित्र प्रयोगशाळेतल्या प्रत्येकाच्या संगणकाच्या पडद्याच्या कोपऱ्यात सतत दिसेल अशी व्यवस्था केली. चित्र टिकलीएवढे, करड्या रंगाचे, मिनिटातून दोन-तीनदा बदलणारे. पण कॉफी ही काही चपळ वस्तू नव्हे, तिला तेवढे पुरे होते. आळसाने माणसाकडून जितकी बुद्धिमत्ता वसूल केली आहे, तितकी कर्तव्यबुद्धीने केली असेल की नाही, याची शंकाच आहे.

पुढे नोव्हेंबर १९९३ मध्ये त्याच प्रयोगशाळेतील आणखी दोघांनी हे चित्र जगभर खुले केले. वर्ल्ड वाइड वेब त्या वेळी रांगत होते. त्यावर पाहण्याजोगे असे थोडेच होते; आणि जे होते ते बहुधा अक्षरांचे. अशा वेळी हजारो मैलांवरच्या एका अपरिचित खोलीतली कॉफी आता या क्षणी किती उरली आहे, हे घरबसल्या दिसू लागले. लक्षावधी लोकांनी ते भांडे पाहिले. त्यांपैकी कुणालाही त्यातली कॉफी मिळणार नव्हती. ते पाहत, आणि दुसऱ्याला सांगत, 'हे पाहा, भांडे अर्धे आहे.' जगाच्या इतिहासात एवढ्या निरिच्छ बुद्धीने एखाद्या भांड्याकडे कुणी पाहिले असेल, असे मला वाटत नाही.

प्रयोगशाळा नव्या इमारतीत हलली तेव्हा, २२ ऑगस्ट २००१ रोजी, कॅमेरा बंद करण्यात आला. भांड्याचा लिलाव झाला आणि जर्मनीतील 'श्पीगेल' या नियतकालिकाच्या इंटरनेट विभागाने ते ३,३५० पौंडांना विकत घेतले. आता ते पाडरबॉर्न येथील संगणकविषयक संग्रहालयात आहे. निरुपयोगी कुतूहलाचे एवढे नेटके स्मारक विरळाच.

दुसरे नवल याहून जुने, आणि त्यात हसण्याबरोबर थोडे विचारात पडण्यासारखेही काही आहे. अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरात कार्नेगी मेलन विद्यापीठ आहे. तेथील संगणकशास्त्राच्या मंडळींसाठी १९८२ साली एक सामायिक फळा होता. हा फळा भिंतीवरचा नव्हे, संगणकातला. ज्याने त्याने आपापल्या जागेवरून त्यावर लिहावे आणि सर्वांनी वाचावे. त्या सप्टेंबरात तेथे एक कोडे निघाले. लिफ्टचा दोर तुटून ती खाली कोसळू लागली, आणि तिच्यात जळती मेणबत्ती व पाऱ्याचा थेंब असला, तर त्यांचे काय होईल? पदार्थविज्ञानाचा प्रश्न चांगला होता. त्यावर चर्चा रंगली असता कुणी एका गृहस्थाने गंभीर सूचनेच्या थाटात लिहून टाकले की, नुकत्याच झालेल्या प्रयोगामुळे अगदी डावीकडच्या लिफ्टमध्ये पारा सांडला असून किरकोळ आगही लागली आहे, शुक्रवारी सकाळपर्यंत सफाई होईल. लिहिणाऱ्याने गंमत केली होती. परंतु ज्यांनी आधीचे कोडे वाचलेच नव्हते, त्यांना ही सूचना खरी वाटली.

मग त्या विद्वानांत नवाच वाद सुरू झाला. विनोद हा विनोद आहे, हे वाचणाऱ्याला कसे कळावे? बोलताना डोळे मिचकावता येतात, आवाजाला हेल देता येतो. लिहिताना काय करायचे? कुणी म्हणाले, विनोदापुढे तारांकन घालावे. कुणी शेकडेवारीचे चिन्ह सुचवले. अखेरीस १९ सप्टेंबर १९८२ रोजी दुपारी बारापूर्वी, घड्याळात ११ वाजून ४४ मिनिटे झाली असता, स्कॉट फाल्मन या प्राध्यापकाने एक तोडगा मांडला. विसर्गासारखी दोन टिंबे, पुढे एक छोटी आडवी रेघ, आणि शेवटी बंद होणारा कंस. मान डाव्या खांद्याकडे झुकवून पाहिले, की हसरा चेहरा दिसतो. कंस उलटा घातला, की तोच चेहरा रडवेला होतो. श्रोतेहो, आकाशवाणीवरून ही आकृती दाखवता येत नाही, याची रुखरुख वाटते. पण आपल्यापैकी बहुतेकांच्या मोबाईलमध्ये तिची पिवळी, गोलमटोल नातवंडे नांदत आहेत, तेव्हा वर्णनाची फार गरज नसावी.

पुढची हकीकत अशी की, तो मूळ संदेश पुढे हरवला. त्याला इतिहासाचे मोल येईल असे कुणाच्या स्वप्नातही नव्हते. चिन्ह जगभर गेले, पण त्याचा जन्मदाखला नाही. तेव्हा काही जणांनी चिकाटी धरली. विद्यापीठाच्या तळघरी पडलेल्या असाव्यात तशा जुन्या चुंबकीय फिती शोधल्या, त्या वाचू शकेल असे यंत्र मिळवले, आणि सप्टेंबर २००२ मध्ये तो संदेश, त्याच्या मागचा लिफ्टचा सगळा संवाद, अक्षरशः जसाच्या तसा सापडला. आज आपण तारीखच नव्हे तर मिनिटसुद्धा सांगू शकतो, ते या शोधामुळे.

मला या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे, की गंमत तीच राहते, पण तिच्या आगेमागे असलेला संदर्भ गळून पडला की ती भलतेच रूप घेते. लिफ्टमधला पारा एका इमारतीपुरता होता. आपल्याकडे याचा केवढा विस्तार झाला आहे, याचे उदाहरण दर दिवाळीला मिळते.

रात्रीच्या भारताचे एक चित्र आपण पाहिले असेल. काळ्या पार्श्वभूमीवर सारा देश पांढऱ्या, निळ्या, हिरव्या आणि तांबड्या ठिपक्यांनी झगमगत आहे. खाली लिहिलेले असते की, दिवाळीच्या रात्री अमेरिकेच्या अंतराळसंस्थेने, म्हणजे नासाने, अवकाशातून टिपलेला हा भारत. चित्र सुंदर आहे आणि आपल्या अभिमानाला सुखावणारे आहे. म्हणूनच ते काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत, आणि तेथून लंडन-न्यूयॉर्कच्या मराठी घरांपर्यंत, दरवर्षी नव्याने पोहोचते. परंतु ते दिवाळीचे नाही, आणि एका रात्रीचेही नाही. अमेरिकी शास्त्रज्ञांनी अनेक वर्षांच्या उपग्रहनोंदी एकत्र करून तो नकाशा रचला होता. त्यातले रंग फटाक्यांचे किंवा रोषणाईचे नसून काळाचे आहेत. पांढरे दिवे १९९२ पूर्वीपासून दिसत होते ते. निळे १९९२ साली दिसू लागले ते. हिरवे १९९८ सालचे. आणि तांबडे २००३ सालचे. म्हणजे ज्या तांबड्या ठिपक्याला आपण आकाशकंदील समजतो, तो वस्तुतः असा एखादा गाव किंवा वस्ती आहे, की जिचा उजेड २००३ पर्यंत अवकाशातून दिसण्याइतका झाला नव्हता.

नासाने २०१२ साली एका उपग्रहाने १२ नोव्हेंबरला, दिवाळीच्या दिवसांत, घेतलेले खरे चित्र प्रसिद्ध केले. त्यात नेहमीची शहरे नेहमीसारखी दिसतात. दिवाळीचा जास्तीचा उजेड इतका सूक्ष्म असतो की अवकाशातून तो जाणवण्याची शक्यता नाही, असा खुलासाही त्यांनी केला. पणत्यांचा यात काहीच कमीपणा नाही. पणती अंगणासाठी लावलेली असते, उपग्रहासाठी नव्हे. पण हे साधे, काहीसे मंद चित्र कोण कुणाला पाठवणार? ते मागे पडले आणि रंगीत चित्र पुढेच जात राहिले.

खेद याचा वाटतो की खरी हकीकत खोट्या मथळ्यापेक्षा कितीतरी नवलाची होती. एका दशकात या देशाच्या अंधारात कुठे कुठे दिवे लागले, हे डोळ्यांना दाखवणारा तो नकाशा. आपला जिल्हा शोधावा, आपल्या तालुक्याचा रंग कोणता ते पाहावे, वडीलधाऱ्यांना विचारावे, की वीज कधी आली हो आपल्याकडे? एवढा ऐवज त्या चित्रात होता. कुणीतरी त्याचे खरे नाव पुसून त्यावर 'दिवाळी' लिहिले, आणि तो ऐवज क्षणभराच्या टाळीसाठी खर्ची पडला. असेच पु. ल. देशपांड्यांचे होते. त्यांनी कधी न लिहिलेले उतारे त्यांच्या नावाने फिरत असतात. ते उतारे ज्या कुणी लिहिले असतील, त्यांच्यावर यात दुहेरी अन्याय होतो. त्यांचे श्रेय जाते, आणि लेखन बरे नसेल तर दोष पु. लं.च्या माथी बसतो. चिकटवहीत निदान कात्रणाच्या कोपऱ्यात पत्राचे नाव आणि तारीख शाईने लिहिण्याची रीत होती. ती दोन बोटांची जागा आता कुणी ठेवत नाही.

याउलट, ज्या गमतीने आपले नाव-गाव-तारीख कधीच लपवले नाही, तिचे आयुष्य कसे फुलते, तेही पाहण्यासारखे आहे. इंटरनेटचे कामकाज ज्या नियमपत्रकांवर चालते, त्यांना ओळीने क्रमांक दिलेले असतात. ही पत्रके अत्यंत रुक्ष. मात्र वर्षातून एक दिवस, १ एप्रिलला, त्यात एखादे खोडकर पत्रक घालण्याची परंपरा त्या मंडळींनी जपली आहे. १९९८ सालच्या अशाच एका पत्रकात, क्रमांक २३२४, कॉफीच्या भांड्यावर दुरून हुकूम चालवण्याचे नियम दिले होते. चहाच्या किटलीला कुणी कॉफी करायला सांगितले, तर तिने ४१८ हा क्रमांक उच्चारून 'मी चहाची किटली आहे' असे उत्तर द्यावे, असे त्यात एक कलम होते. अनेक प्रोग्रामरांनी ते खरोखरच आपल्या प्रणालींत घालून ठेवले. २०१७ साली ते काढून टाकण्याची सूचना झाली, तेव्हा एका तरुणाने किटली वाचवण्याची मोहीम उघडली आणि किटली वाचली. २०२२ सालच्या अधिकृत नियमपत्रकात ४१८ हा क्रमांक दुसऱ्या कामाला न वापरता राखून ठेवला आहे. आपल्या कार्यालयांतही अशा काही किटल्यांसाठी क्रमांक राखून ठेवायला हरकत नाही, पण तो विषय वेगळा.

याच परंपरेतील १९९० सालचे पत्रक, क्रमांक ११४९, मला त्याहूनही प्रिय आहे. इंटरनेटवरील माहितीची पाकिटे कबुतरांच्या पायाला बांधून कशी पाठवावीत, याचे नियम त्यात भारदस्त भाषेत दिलेले आहेत. आपल्याला यात अगदीच अशक्य असे काही वाटायचे कारण नाही. ओडिशाच्या पोलिसांनी १९४६ साली कबुतरांची निरोपसेवा सुरू केली होती, आणि १९४८ साली पंडित नेहरूंचा निरोप संबळपूरहून कटकला कबुतराने नेला होता. तरीपण ते पत्रक थट्टेचे होते, हे त्याच्या तारखेवरून कुणालाही कळत होते. थट्टा आहे हे नीट कळल्यावरच नॉर्वेतील बर्गेन येथील काही हौशी संगणकप्रेमींनी २००१ सालच्या एप्रिलमध्ये ती खरी करून पाहायचे ठरवले. त्यांनी पाकिटे कागदावर छापली, गुंडाळ्या करून कबुतरांच्या पायांना बांधल्या, आणि कबुतरे सोडली. नऊ पाकिटे पाठवली, चार उत्तरे आली. सर्वांत जलद उत्तराला ५३ मिनिटे लागली, सर्वांत सावकाश उत्तराला पावणेदोन तासांहून थोडे अधिक. ते सगळे आकडे, हरवलेल्या पाकिटांच्या शेकडेवारीसह, त्यांनी प्रामाणिकपणे प्रसिद्ध केले आहेत.