तालीम नव्हे, प्रॅक्टिकल

मैत्रिणींनो, नाटक शिकायला घरून परवानगी कशी मिळाली, असं तुम्ही विचारलंत. खरं सांगते, ती ‘विद्यापीठ’ या शब्दामुळे मिळाली.

तेव्हाच्या पुणे विद्यापीठात १९८७ साली ललित कला केंद्र सुरू झालं. नाटकातही पदवी मिळते म्हटल्यावर वडिलांचा विरोध मावळला. हौशी संस्थेत रात्री दहापर्यंत तालीम म्हणजे मुलीचं भटकणं. तीच परीक्षेसाठी असली की प्रॅक्टिकल! मी राहत होते त्या खासगी वसतिगृहाचं फाटक मात्र हा फरक मानत नसे. शेवटचा प्रवेश बसवायचा आणि माझी निघायची वेळ व्हायची. मग दिग्दर्शन आपोआप मुलांकडे. ‘मुलींना ते जमत नाही’ असं म्हणायला सगळे मोकळे!

रंगभूमीचा इतिहास वाचताना हिराबाई पेडणेकर भेटल्या. बाईची भूमिका पुरुष करत, त्या काळात त्या नाटकं लिहीत होत्या. १९१२ साली त्यांचं ‘दामिनी’ ललितकलादर्शनं रंगभूमीवर आणलं. पुढे वसंत कानेटकरांनी त्यांच्या आयुष्यावर ‘कस्तुरीमृग’ लिहिलं. ते आठवणारे भेटतात. ‘दामिनी’ वाचलेलं मला कोणी भेटलेलं नाही. आणि मी तरी कुठे वाचलंय?

तेव्हा आपण सगळ्या मिळून ‘दामिनी’ची प्रत शोधू या आणि गटात तिचं वाचन करू या. वेळ रात्री साडेआठची ठेवू. ज्यांना फाटकाची अडचण असेल त्यांनी आधी सांगा; तिथं बोलायला आपण चौघीजणी जाऊ.