शाळेच्या पुढचं गणित
(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



गणपती ही विद्येची देवता. त्यामुळे या मांडवात गणितावर बोलायला वेगळी परवानगी मागत नाही. शिवाय ज्या लोकमान्यांनी या उत्सवाला सार्वजनिक रूप दिलं आणि १९१६ साली याच बेळगावात होमरूल लीगची स्थापना केली, ते मुळात गणिताचे माणूस. बी. ए. ला त्यांचा विषय गणित होता आणि पुढे फर्ग्युसनमध्ये त्यांनी तो शिकवलाही.

आयुष्यभर गणित शिकवत आल्यामुळे आपल्या कॅम्पातले, टिळकवाडी-शहापुरातले पालक मला अलीकडे एक प्रश्न हमखास विचारतात. "सर, मुलगी दहावीत आहे. शाळेचं गणित तिचं संपलंय. ऑनलाइन पुढचा कोर्स करते म्हणते. करू द्यावा का?" या प्रश्नाचं उत्तर नुसतं हो किंवा नाही असं देता येत नाही, म्हणून आज तोच विषय घेतला आहे.

आधी सोय काय आहे ते पाहू. अमेरिकेतल्या एमआयटीने २००१ साली आपले अभ्यासक्रम जगाला फुकट खुले करायचं जाहीर केलं. आपल्याकडे २००३ साली आयआयटी आणि बंगळूरच्या आयआयएससीने मिळून एनपीटेल सुरू केलं. २०१७ मध्ये केंद्र सरकारचं स्वयम आलं. एनपीटेलचे कोर्स मुख्यतः पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी असले, तरी नाव कुणालाही घालता येतं. शिकणं फुकट, प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची तर तेवढं शुल्क. बारा आठवड्यांच्या कोर्सला दर आठवड्याला स्वाध्याय असतो. निकालात स्वाध्यायांचे २५ आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेचे ७५ गुण धरतात.

आपल्या सीमाभागाला याचं महत्त्व जास्त आहे. निपाणीची मुलं राज्याची हद्द ओलांडून अर्जुननगरच्या देवचंद कॉलेजात जातात. कुठलं बोर्ड, कुठलं माध्यम, कुठल्या राज्याचा दाखला, या विवंचनेत आपल्या घरांची किती वर्षं गेली ते मी सांगायला नको. या कोर्सला तुम्ही कोणत्या राज्याचे, यावर काही अडत नाही. आणि आपल्या कॅम्पात लष्करातली कुटुंबंही आहेत. वडिलांची बदली झाली की शाळा बदलते, पुस्तकं बदलतात. हा कोर्स मात्र मुलाबरोबर पुढच्या गावाला जातो.

आता 'पुढचं गणित' म्हणजे काय? पुष्कळांना वाटतं, बारावीची गणितं दहावीत करणं म्हणजे पुढचं गणित. ती नुसती घाई झाली. फरक कळावा म्हणून आपल्याच एका मराठी माणसाचं उदाहरण देतो. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे देवळालीचे शाळामास्तर. देवळालीही आपल्यासारखंच कॅम्पाचं गाव. त्यांनी १९४९ साली ६१७४ या संख्येची गंमत शोधली. चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. समजा, ३५२४. अंक उतरत्या क्रमानं मांडा, ५४३२. चढत्या क्रमानं मांडा, २३४५. वजाबाकी ३०८७. पुन्हा तेच करा: ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. पुन्हा: ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. आता ६१७४ वर हेच केलं तर पुन्हा ६१७४ च येतात. कुठूनही सुरुवात करा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथंच पोचता.

एवढं पाचवीतलं मूलही करील. पण एखादं मूल विचारतं, "प्रत्येक वजाबाकीला नऊनं भाग जातो, तो का?" त्याचं उत्तर असं. अंकांची जागा बदलली तरी त्यांची बेरीज तीच राहते. संख्येला नऊनं भागून उरणारी बाकी अंकांच्या बेरजेवरच ठरते. म्हणजे दोन्ही संख्यांची बाकी सारखी, आणि वजा केली की ती नाहीशी होते. हा 'का' ज्या मुलाला स्वस्थ बसू देत नाही, त्याच्यासाठी पुढचं गणित आहे. शंभरपैकी शंभर मिळवणारं मूल तेच असेल असं नाही. कधीकधी ते ऐंशीवालं असतं.

अडचणी मी तीन पाहिल्या.

पहिली भाषेची. माझ्या माहितीतली मराठी माध्यमातली एक मुलगी पीयूसीच्या पहिल्या वर्षाला असताना असा एक कोर्स करू लागली. दोन आठवडे उत्तम गेले, तिसऱ्यात गाडी अडली. हे आपल्या डोक्याचं काम नाही, असं तिनं ठरवूनच टाकलं होतं. वही पाहिली, तर गणित चुकलेलं नव्हतं. इंग्रजी सिद्धतेतला 'फॉर ऑल' आणि 'देअर एक्झिस्ट्स' यांचा क्रम तिला लागत नव्हता. मी तिला मराठीत दोन वाक्यं दिली. 'प्रत्येक कुलपाला एक किल्ली आहे' आणि 'एक किल्ली अशी आहे, की ती प्रत्येक कुलपाला लागते.' शब्द जवळजवळ तेच, पण दुसरं खरं असेल तर चोराचं फावलं! ती हसली आणि पुढे गेली. पाच मिनिटांचं काम होतं. ती पाच मिनिटं देणारं कुणी भेटलं नसतं तर एक चांगलं डोकं गणितापासून कायमचं दूर गेलं असतं.

दुसरी अडचण एकटेपणाची. इथं रामानुजन आठवतात. कुंभकोणमला शाळेत असताना त्यांच्या हाती कार नावाच्या लेखकाचं हजारो सूत्रांचं पुस्तक आलं. सिद्धता त्यात फारशा नव्हत्या. त्यावर ते एकटेच झटले. इतके, की बाकीचे विषय मागे पडून कॉलेजची शिष्यवृत्ती गेली. १९१३ च्या जानेवारीत त्यांनी केंब्रिजच्या हार्डींना पत्र लिहिलं, आणि त्यांचं काम तपासणारा, शंका विचारणारा माणूस त्यांना मिळाला. एवढ्या अलौकिक बुद्धीलाही असं माणूस लागलं, तर आपल्या मुलांना लागणारच. व्हिडिओ उत्तम शिकवतो, पण समोरच्या मुलाच्या कपाळावरची आठी त्याला दिसत नाही.

तिसरी अडचण आपली, पालकांची. "याचे मार्क कुठं धरतात?" स्पष्ट सांगतो, पीयूसीच्या गुणपत्रिकेत धरत नाहीत. केसीईटीत अभियांत्रिकीच्या रँकसाठी पीयूसीचे आणि सीईटीचे गुण अर्धे-अर्धे मोजतात, तिथं हे प्रमाणपत्र उपयोगी नाही. त्यामुळे मार्कांसाठी हा कोर्स लावू नका. मुलाला गोडी असेल आणि बाकीचे विषय सांभाळून झेपत असेल, तरच लावा.

काही गोष्टी अनुभवावरून सांगतो. सुरुवात एसएसएलसी झाल्यावर, पीयूसीच्या पहिल्या वर्षाच्या जुलैपासून करावी. दुसऱ्या वर्षी नवीन काही डोक्यावर घेऊ नये. एका वेळी एकच कोर्स. संख्याशास्त्रातली नव्हे, तर संख्यांच्या गुणधर्मांची, म्हणजे नंबर थिअरीची सुरुवात मुलांना सोपी जाते, कारण तिला मागची तयारी कमी लागते. एक तासाचा व्हिडिओ वही-पेन घेऊन पाहिला तर तीन तास लागतात, हे धरूनच वेळ ठेवावा. व्हिडिओ थांबवून पुढची पायरी स्वतः लिहायची, मग पुढे पाहायचं. आणि स्वाध्याय स्वतःच सोडवायचा. आता मोबाइलला विचारलं की उत्तर तयार मिळतं. तसं करून प्रमाणपत्र आलं, तरी मूल होतं तिथंच राहतं. आठ दिवस एका गणिताशी झुंजून ते सुटलं, तर त्या मुलाला घरी जेवायला गोड करा, एवढं त्याचं मोल आहे. सहा आठवड्यांनी नको वाटलं तर सोडू द्या, टोमणा मारू नका.

शेवटी मंडळाकडे एक मागणं. आपल्या सभासदांत निवृत्त प्राध्यापक आहेत, इंजिनिअर आहेत, बँकेतले अधिकारी आहेत. आपल्याच घरांतली कितीतरी मुलं पुण्या-मुंबईला आणि परदेशी याच विषयांत काम करतात. उत्सवाचे दहा दिवस सोडले तर आपलं सभागृह बहुतेक संध्याकाळी बंद असतं. आठवड्यातून दोन संध्याकाळ ते उघडावं. एक फळा, एक चांगलं इंटरनेट, आणि समोर बसून मराठीत समजावणारं एक माणूस, एवढंच पुरे. मराठी माध्यमाचं मूल असो, इंग्रजीचं असो की कन्नडचं, ज्याला पुढचं गणित करायचं आहे त्यानं यावं. फी घेऊ नये. मुलींना घरी लवकर पोचता येईल अशी वेळ ठेवावी. पहिल्या वर्षी चार मुलं आली तरी मी समाधानी असेन. फळ्यापाशी उभं राहायला मी स्वतः तयार आहे. पहिलं नाव माझं लिहून घ्या.

 गणपती बाप्पा मोरया!