शालेय भोजन आणि मुलांचे अवधान
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



गुणवंत विद्यार्थ्यांस पारितोषिके देण्याची आपल्या मंडळाची प्रथा जुनी आहे. मुलास गुण किती मिळाले, याची चौकशी आपण अगत्याने करतो. परंतु ते शाळेत काय खाऊन जाते, हे सहसा कोणी विचारीत नाही. आज आम्ही त्याविषयीच बोलणार आहोत.

प्रौढाच्या वजनात मेंदूचा वाटा अवघा दोन टक्के. तथापि विश्रांतीच्या वेळी शरीर जी ऊर्जा वापरते, तिचा सुमारे पाचवा हिस्सा एकटा मेंदू घेतो. मुलांत हे प्रमाण पुष्कळच अधिक असते. रात्री आठला जेवलेले मूल सकाळी सातच्या शाळेस नुसत्या चहावर गेले, तर दहाच्या सुमारास फळ्यावरील भागाकार त्यास दिसतो. पायऱ्या मात्र ध्यानात राहत नाहीत. गुरुजी त्यास मठ्ठ म्हणतात, घरचे आळशी म्हणतात. पुष्कळदा ते केवळ भुकेलेले असते.

ही जाणीव आपल्या देशात नवी नाही. मद्रासच्या महापालिकेने १९२० च्या सुमारास आपल्या शाळांतून भोजन सुरू केले, आणि कामराज मुख्यमंत्री असताना ते त्या राज्यभर पसरले. राष्ट्रीय योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी आली. पण आपल्याकडे प्रारंभी मुलाच्या हाती महिन्यास तीन किलो तांदूळ दिला जाई. तो घरी जाऊन साऱ्या कुटुंबाच्या पातेल्यात पडे, आणि वर्गातील पोट होते तसेच रिकामे राही! २८ नोव्हेंबर २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने शिजविलेले अन्न देणे राज्यांस भाग पडले. प्राथमिक शाळेतील मुलासाठी ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने, असे त्याचे प्रमाण आहे.

याचा बुद्धीस उपयोग काय, असे कोणी विचारील. दिल्लीत २००९ साली वरच्या प्राथमिक वर्गांना भोजन लागू झाले, तेव्हा फरझाना आफ्रिदी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांना वाट शोधण्याची कोडी घातली. अशा कोड्यास पाठांतर लागत नाही, केवळ अवधान लागते. आणि भोजनामुळे मुले अधिक कोडी सोडवू लागल्याचे आढळले. तनिका चक्रवर्ती व राजश्री जयरामन यांच्या २०१९ च्या अभ्यासात, पाच वर्षांपर्यंत भोजन मिळालेल्या मुलांचे वाचनातील गुण, वर्षाहून कमी काळ मिळालेल्यांपेक्षा १८ टक्क्यांनी व गणितातील ९ टक्क्यांनी अधिक दिसले. म्हणजे हा लाभ एका घासाचा नसून वर्षानुवर्षांच्या नेमाचा होय.

आता थोडे स्पष्ट बोलतो. ज्येष्ठांनी राग मानू नये. आपल्यातील काही घरांतून मुलास बजावले जाते की, शाळेच्या पंगतीस बसू नकोस, खिचडी कोणाच्या हातची कोण जाणे! हे आम्हांस मुळीच मान्य नाही. ज्या मुलास मित्रांपासून दूर, भिंतीकडे तोंड करून डबा खावा लागतो, त्याचे लक्ष दुपारी धड्यात कसे लागावे? शिवाय त्या डब्यात बहुधा बिस्किटे असतात. वाटाण्याची खिचडी त्याहून कितीतरी सरस. कोणी याला धर्मादाय म्हणतात. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने हा मुलांचा हक्क ठरविला आहे. हक्काचे अन्न घेण्यात कमीपणा कसला?

डाळ पाणचट असते, तांदळात खडे निघतात, ही तक्रार मात्र रास्त आहे. पण तिच्यावर उपाय मूल उठवून नेणे हा नव्हे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालकच असतात. आपल्यापैकी किती जण तिच्या सभेस जातात? जावे, आणि खिचडी स्वतः चाखून पाहावी.

राहता राहिला चहा. जेवणाबरोबर घेतलेला चहा अन्नातील लोह अंगी लागू देत नाही, आणि लोहाची उणीव असलेल्या मुलाचे चित्त लवकर थकते. उलट लिंबाची फोड किंवा आवळा लोह शोषण्यास साहाय्य करतो. आपल्या वसतिगृहात सकाळी चहा-पोळी एकदमच वाढतात. चहा बंद करून पोळीबरोबर मोड आलेली मटकी व लिंबू द्यावे, असे आम्ही कार्यकारिणीस लेखी सुचविले आहे. खर्चाचा तक्ता सोबत जोडला असून तो पुढील सभेपुढे येईल.